कामगार कपात: आधी नवे जाणार की जुने?

प्रश्न (उद्यमबाग_मोल्डर): मंडळी, आमच्या बेळगावच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) ऑर्डरी घटल्यात. जुन्यांचा पगार जास्त, म्हणून आधी त्यांना काढणार अशी कुजबुज आहे. असं चालतं का?

मच्छे_एचआर: कामगारांच्या बाबतीत सहसा नाही. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात जो शेवटी आला तो आधी जायचा, आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच. पण हा क्रम त्या-त्या वर्गापुरता. मोल्डरची (साचे करणाऱ्याची) ज्येष्ठता मोल्डरांत, फेटलरची (ओतीव भाग घासून साफ करणाऱ्याची) फेटलरांत. अख्ख्या कंपनीची एकच यादी लावली की तिथंच घोळ होतो. क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. ‘सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रामिंग फक्त यालाच येतं’ हे टिकू शकतं, ‘याचा पगार कमी’ हे टिकणं अवघड.

मॅनेजर मंडळींना मात्र हा नियम नाही. 18,000च्या वर पगार असलेले सुपरवायझरही बाहेर. तिथं रेटिंग, पगाराचा बोजा आणि वरच्या साहेबाची मर्जी, झालं.

खानापूरकर: एक सुटलं. मुदतीच्या करारावरचा नवा माणूस मुदत संपून गेला तर ती कपातच धरत नाहीत. म्हणून बऱ्याचदा यादीला हात न लावताच नवे कमी होतात.

उद्यमबाग_मोल्डर: आणि जुन्याला काढलंच तर हातात काय येतं?

मच्छे_एचआर: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांच्या वर नोकरी झाली असेल तर तेही पूर्ण वर्ष धरायचं. 18,000 पगार, 12 वर्षं नोकरी: 9,000 गुणिले 12, म्हणजे 1,08,000. ग्रॅच्युइटी वेगळी, तिथं 15 दिवसांचा पगार काढताना महिना 26 दिवसांचा धरतात: सुमारे 1,24,600. कंपनीत 300 किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची परवानगी आधी आणि नोटीस तीन महिन्यांची.

खानापूरकर: आणि दादा, कागद कन्नडमध्ये असेल तर कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ‘हिशेब मिळाला’च्या खाली ‘स्वखुशीने राजीनामा’ लिहिलेलं असतं. एकदा राजीनामा झाला की भरपाईवर पाणी, आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर आधी बोलावण्याचा हक्कही जातो. सही करावीच लागली तर ‘हरकत राखून’ असं स्वतःच्या हातानं लिहा, झेरॉक्स घ्या, मग लेबर ऑफिस गाठा.