एक रुपयाचा ‘मुस्तफा’ आणि बंद पडलेली पार्लरे

प्रश्न – डोंबिवलीकर
१९९६-९७ मध्ये डोंबिवली स्थानकाजवळच्या एका अरुंद गाळ्यात पाच व्हिडिओ गेम यंत्रे होती आणि शाळा सुटली की आम्ही तिथे ‘मुस्तफा’ खेळत असू. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे मला फार उशिरा कळले; धावत येऊन लाथ घालणाऱ्या त्यातल्या एका पात्रावरून आपल्याकडच्या मुलांनी त्याचे परस्पर बारसे उरकले होते. घरोघरी संगणक आल्यामुळे पार्लरे संपली, हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही, कारण आमच्या चाळीत तेव्हा एकाकडेही संगणक नव्हता. जाणकारांनी खरे कारण सांगावे.

उत्तर – गल्ल्यावरचा
माझ्या मामांचे असे पार्लर होते आणि सुट्टीत गल्ल्यावर मी बसत असे. सराईत मुलगा एका रुपयाच्या टोकनावर पाऊण तास यंत्र अडवून ठेवी, नवखा दोन मिनिटांत उठे. धंदा चालत होता तो नवख्यांच्या जिवावर. भाडे, विजेचे बिल, ढिल्या झालेल्या जॉयस्टिक आणि जळालेल्या पिक्चर ट्यूब यांचा खर्च वाढत गेला, पण रुपयाचे दोन रुपये करताच गर्दी ओसरली. शिवाय पालकांच्या लेखी आमचे दुकान म्हणजे जुगाराचा अड्डाच होता (शेजारच्या गल्लीत तसली यंत्रे होतीही, हे मान्य करतो). २००१ मध्ये मामांनी त्याच गाळ्यात सायबर कॅफे टाकला, कारण तिथे पैसे तासावर मिळत, खेळणारा कितीही तरबेज असला तरी. तेव्हा संगणकाने पार्लर संपवले हे खरे, फक्त तो घरात येण्याआधी गाळ्यात आला.

उत्तर – तोक्योवासी
नाण्याची हीच अडचण जपानमध्येही दिसते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून एका डावाला १०० येन हा दर जणू ठरून गेला. १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झालेला उपभोग कर २०१९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचला, पण यंत्राच्या फटीत एकच नाणे जात असल्याने त्याचा भार बहुतांशी मालकावरच पडत राहिला. करोनाच्या साथीत सेगा या व्हिडिओ गेम कंपनीने आपल्या गेम सेंटर चालवणाऱ्या कंपनीतील ८५.१ टक्के हिस्सा विकला, उरलेला २०२२ मध्ये, आणि त्या दुकानांवर ‘गिगो’ अशी पाटी लागली. आत गेलात तर क्रेनने बाहुल्या उचलण्याची यंत्रेच जास्त दिसतील. त्यांवर मालकाला प्रत्येक डाव हवा तितका अवघड करता येतो, ही त्यातली गोम.

डोंबिवलीकर
दोघांचेही आभार. पार्लरमधले जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या ‘मेम’ या प्रणालीवर ‘मुस्तफा’ मी परवा घरी संपवला. तिथे कळफलकावरचा ५ दाबला की नाणे पडते. मी तो सतरा वेळा दाबला आणि मागे उभे राहून हसणारे कोणीही नव्हते. मामांकडे एखादे टोकन उरले असल्यास मला विकत हवे आहे.

गल्ल्यावरचा
टोकने पितळेची होती. भंगारवाल्याने सर्वांत आधी तीच उचलली.