जुन्या डॅटसन २४०झेडचे ब्रेक कडक का लागतात? बूस्टर बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड आहे. बरीच वर्षे ती उभीच होती. गेल्या वर्षी इंजिन उघडून पूर्ण बांधले आणि त्याच वेळी मूळ कॅमशाफ्टऐवजी जास्त लिफ्ट आणि जास्त कालावधीचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडणारा, कॅम बसवला. गाडी आता उत्तम पळते, पण ब्रेकचा त्रास सुरू झाला आहे. वेगात असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून ब्रेक दाबला, तर गाडी व्यवस्थित थांबते. मात्र गाडी लावताना किंवा रांगेत हळूहळू पुढे सरकताना पेडल दगडासारखे कडक लागते आणि गाडी थांबवण्यासाठी जवळजवळ उभे राहून जोर द्यावा लागतो. इंजिन बंद केल्यावर तर पहिल्याच दाबाला पेडल तसेच कडक असते. पेडल खाली जात नाही, स्पंजसारखे वाटत नाही, ब्रेक ऑइलची पातळीही कमी झालेली नाही. बूस्टर (इंजिनच्या ओढीने तयार होणाऱ्या व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा भाग) गेला, असे एका मेकॅनिकने न तपासताच सांगितले. जुन्या गाडीचा बूस्टर काढायचा म्हणजे मोठे काम असल्यामुळे आधी नक्की निदान व्हावे, असे वाटते.

पहिले उत्तर

पेडल कडक आहे आणि खोल जात नाही, ही सर्वांत उपयोगी माहिती आपण दिली आहे. लाइनमध्ये हवा शिरली असती किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या) आतल्या वॉशरने दाब सोडला असता, तर पेडल मऊ लागले असते किंवा पायाखाली हळूहळू बसत गेले असते. मागच्या ड्रममधले शू सैल असतील तरीही पेडल फक्त जास्त खोल जाते. कडक पेडल म्हणजे एकतर बूस्टरची मदत मिळत नाही, किंवा मदत मिळूनही पॅड डिस्कला धरत नाहीत.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पेडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. बूस्टरला व्हॅक्यूम मिळत असेल तर पेडल पायाखाली थोडे आपोआप खाली सरकेल. ते जागचे हलले नाही, तर पुढचा सगळा तपास बूस्टर आणि त्याच्या होजकडे (व्हॅक्यूम आणणाऱ्या नळीकडे) न्यावा. पेडल दाबल्यावर केबिनमध्ये सतत फुस्स आवाज येत असेल, किंवा दाबताच इंजिनचे आयडलिंग (गाडी उभी असतानाचे मंद चालणे) बिघडत असेल, तर मात्र बूस्टरच्या डायफ्रामवर (आतल्या रबरी पडद्यावर) किंवा आतल्या हवेच्या व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जागा आहे.

दुसरे उत्तर

मला खरी खूण कॅमच्या उल्लेखात दिसते. असा कॅम लावला की आयडलिंगला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात आणि मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम घसरतो. मूळ कॅमच्या चांगल्या इंजिनला समुद्रसपाटीजवळ साधारण १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम मिळतो. तीव्र कॅमवर तो १० ते १२ इंचांपर्यंत येणे अगदी सामान्य आहे.

याचा ब्रेकवर किती फरक पडतो ते पाहा. डायफ्रामचा व्यास २०० मिलिमीटर धरला, तर २० इंचांवर त्यावर सुमारे २१५ किलोचा जोर पडतो; १० इंचांवर तो निम्मा, म्हणजे १०७ किलोच्या आसपास उरतो. आपला पाय तोच, पॅड तेच, पण मदत अर्धी. उलट वेगात, गिअर लागलेला असताना थ्रॉटल मिटला की कॅम कोणताही असला तरी इंजिन जोरात हवा ओढते आणि व्हॅक्यूम २० इंचांपर्यंत चढतो. वेगात ब्रेक चांगले आणि गाडी लावताना वाईट, हा आपला अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

तरीही एक गोष्ट या खुलाशात बसत नाही. इंजिन बंद केल्यावर पहिलाच दाब कडक का असावा? मॅनिफोल्ड आणि बूस्टर यांच्यामध्ये एकेरी चेक व्हॉल्व्ह असतो. वेगात मिळालेला चांगला व्हॅक्यूम बूस्टरमध्ये अडकवून ठेवणे हेच त्याचे काम, त्यामुळे इंजिन थांबल्यावरही एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर व्हॅक्यूम कुठेतरी निसटतो आहे: व्हॉल्व्हमधून, होजमधून किंवा खुद्द बूस्टरमधून.

म्हणून गेज लावून दोन ठिकाणी मोजा. आधी मॅनिफोल्डवर आणि मग होजच्या बूस्टरकडच्या टोकाला, अशी क्रमाने मोजणी केली आणि दुसऱ्या ठिकाणी काटा कमी आला, तर होज आतून चिकटला आहे, कुठे फाटला आहे किंवा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. साधा पेट्रोलचा पाइप लावला असेल तर तो गरम झाल्यावर ओढीने आत बसतो, हे मी स्वतः पाहिले आहे. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसत होता. त्यानंतर हातपंपाने थेट बूस्टरवर २० इंचांचा व्हॅक्यूम ओढा. पंधरा सेकंदांत काटा एक इंचही घसरला नाही, तर बूस्टरला हात लावण्याचे कारण नाही.

तिसरे उत्तर

वरील क्रमाशी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. मास्टर सिलिंडरचे नट काढून तो जरासा पुढे ओढा आणि त्याच्या मागच्या तोंडाखाली बोट फिरवून पाहा. बोट ओले झाले, तर मागचे सील ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये सोडते आहे, आणि अशा वेळी बाहेर एक थेंबही दिसत नाही. दुसरे म्हणजे, गाडी वर्षानुवर्षे उभी असल्यामुळे पुढच्या कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन अडकले नाहीत ना, आणि पॅडच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी आलेली नाही ना, हे उजेडात पाहून घ्या. या गाडीच्या कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन असतात आणि त्यांतला एक अडकला तरी पेडलवरून ते सहज कळत नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यात सगळे मोजले. आयडलिंगला मॅनिफोल्डवर ११ इंच आणि होजच्या टोकालाही ११ इंच. हातपंपाने बूस्टरवर २० इंच ओढले, तर काटा जागचा हलला नाही, म्हणजे ज्यावर आरोप होता तो बूस्टर निर्दोष निघाला. मास्टर सिलिंडरची मागची बाजू कोरडी होती, दोन्ही कॅलिपरचे पिस्टन मोकळे सरकत होते आणि पॅडही स्वच्छ होते. शेवटी चेक व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून पाहिला, तर हवा दोन्ही बाजूंनी जात होती. टॉर्चच्या उजेडात पाहिल्यावर आतली रबराची चकती सुकून कडेला चिरलेली आणि तिच्याखाली काळा कण अडकलेला दिसला. नवा व्हॉल्व्ह बसवला, इग्निशन टायमिंग नीट केले आणि दोन्ही कार्ब्युरेटर जुळवून घेतले, तर आयडलिंगचा व्हॅक्यूम १३ इंचांवर आला. आता इंजिन बंद केल्यावरही दोन दाब मऊ लागतात. फक्त गाडी लावताना लागोपाठ तिसऱ्या-चौथ्या वेळेला पेडल अजून जड वाटते. यासाठी व्हॅक्यूमची साठवण टाकी लावावी का?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

अवश्य लावा. टाकी नव्या व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि बूस्टर यांच्यामध्ये बसली पाहिजे. ती इंजिनाच्या बाजूला बसवली तर आयडलिंगला तीही १३ इंचांवर येईल आणि काहीच साठणार नाही. होज व्हॅक्यूमसाठीच बनवलेला घ्या आणि जोड पूर्ण झाल्यावर हातपंपाची चाचणी टाकीसकट पुन्हा करा. टाकी साठा वाढवते, आयडलिंगचा व्हॅक्यूम वाढवत नाही. त्यामुळे बराच वेळ रांगेत सरकत राहावे लागत असेल, तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप हाच पुढचा उपाय राहतो.