भजनी मंडळाचं लॅपटॉपवर रेकॉर्डिंग: हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, ट्रॅक जुळत नाहीत

देवरुखची

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाचे अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. सासरे स्वतः पेटी वाजवतात आणि गातात. पखवाजाला शेजारचे काका, टाळ-झांजा घेऊन चार-पाच जण. सासऱ्यांच्या काही चाली त्यांच्या बुवांकडून आलेल्या आहेत, मी त्या दुसऱ्या कुठल्याच मंडळाकडून ऐकलेल्या नाहीत, आणि नोटेशन कोणी कधी केलं नाही. मोबाइलवर घेतलं तर झांजेपुढे काही ऐकूच येत नाही, म्हणून हा खटाटोप.

जवळ आहे ते असं: विंडोज ११ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, माइक लॅपटॉपला जोडायचा दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, एक एसएम५८ हा डायनॅमिक माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. सॉफ्टवेअर रीपर, अजून चाचणीच्या मुदतीत आहे.

आधी पखवाज एकटा रेकॉर्ड केला. मग तो हेडफोनवर ऐकत सासरे गायला बसले. त्यांना स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू येत होता, प्रतिध्वनीसारखा, त्यामुळे लय सुटायला लागली. बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा साठा) कमी केला तर मध्येमध्ये कडकड आवाज येतो, वाढवला की उशीर वाढतो. आणि नंतर ऐकलं तर गाणं पखवाजाच्या जरा मागे पडलेलं. काका म्हणतात मी बरोबर वाजवलं, सासरे म्हणतात मी समेवर आलो होतो. दोघांचंही खरं असणार. गणपतीआधी निदान आठ-दहा अभंग व्हावेत अशी इच्छा आहे. लॅपटॉप बदलायला लागेल का?

मंद्रसप्तक

लॅपटॉप पुरेसा आहे. रीपरमध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जा आणि ऑडिओ सिस्टिम काय निवडली आहे ते बघा. डायरेक्टसाउंड किंवा वेव्हआउट असेल तर उशीर होणारच. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरून त्याचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारा-आणणारा) उतरवा आणि तो निवडा. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तरच एएसआयओ४ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर.

बफरचं गणित सोपं आहे. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं) १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७. हे जाताना एकदा आणि येताना एकदा, शिवाय यूएसबीचा थोडा. गाणाऱ्याला १० मिलिसेकंदांच्या आत जमून जातं, २० च्या पुढे त्रास होतो.

कडकडीसाठी वायफाय बंद करून बघा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. तरी राहिली तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन आहे, कुठला ड्रायव्हर अडथळा आणतो ते त्यात दिसतं.

कुडाळची_पेटी

ताई, ड्रायव्हरचं वर लिहिलंय ते आधी करून घ्या. पण त्यासोबत एक गोष्ट ठरवा. भजन तुकड्यातुकड्यांत रेकॉर्ड करू नका. मी पेटी वाजवतो आणि आमच्या भागातल्या मंडळांची रेकॉर्डिंगही करतो, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

भजनाची लय चढत जाते. अभंग उचलताना असते ती लय आणि शेवटच्या गजराची लय यांत दुपटीचा फरक पडू शकतो. ती कधी चढवायची ते बुवा मानेने सांगतात, कधी भात्याच्या जोराने, कधी नुसतं पखवाजवाल्याकडे बघून. काकांनी एकट्याने आधी वाजवलं तेव्हा ही खूण द्यायला समोर कोणी नव्हतं. मग सासरे गायला बसले ते आधीच ठरून गेलेल्या लयीच्या मागे धावत. तुम्हाला चाली जपायच्या आहेत ना? मग हे चढणंही जपलं पाहिजे, ते चालीचाच भाग आहे. नुसते सूर राहिले आणि लय सपाट झाली तर पुढच्या मुलांना त्यावरून ती चाल बसवता येणार नाही.

सगळे एकत्र बसले की तुमच्या बहुतेक अडचणी आपोआप जातात, ते कसं बघा. समोरासमोर गाताना कोणालाच हेडफोन लागत नाही. हेडफोन नाही म्हणजे उशीर कोणाच्या कानावर पडत नाही. मग बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवा. लॅपटॉपवरचा ताण उतरतो आणि कडकड थांबते. दोन्ही माइक एकाच वेळी एकाच इंटरफेसमध्ये जातात, त्यामुळे ट्रॅक पुढेमागे व्हायचा प्रश्नच नाही. तशीही माणसं तीन मीटरवर बसली तर हवेतून आवाज पोचायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात आणि मंडळं पिढ्यान्‌पिढ्या तसंच गात आली आहेत, तेव्हा एवढ्या उशिराची भीती नको.

आता माइक. कंडेन्सर सासऱ्यांसमोर लावा, हनुवटीच्या थोडा खाली, दीड हातावर, तोंड आणि पेटी यांच्या मधल्या जागेवर रोखलेला. पेटी जास्त येत असेल तर माइक वर करा, आवाज जास्त येत असेल तर खाली. मिक्समध्ये जे आवाजाच्या कळीने करता आलं नसतं ते इथे चार बोटांनी होतं. माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, असेल, बहुतेक असतोच, तर त्याला बरोबर पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकू येतं. म्हणून टाळकऱ्यांना माइकच्या पाठीशी, सासऱ्यांच्या समोर बसवा. आपली बैठक तशीही अशीच असते, मोडायला लागत नाही. झांजेला वेगळा माइक अजिबात नको. ती न बोलावता येते.

एसएम५८ पखवाजाला. एक हात अंतरावर, समोरून आणि थोडा वरून, शाईच्या बाजूला किंचित कललेला. धुमेच्या, म्हणजे डाव्या, तोंडाशी अगदी जवळ नेलात तर नुसता घुमारा भरतो आणि बोल पुसले जातात. काकांना सांगा की कणीक नेहमीप्रमाणेच लावा, रेकॉर्डिंग आहे म्हणून कमी करू नका. दोन माइकमधलं अंतर, प्रत्येक माइकपासून त्याच्या वाद्याचं जे अंतर आहे त्याच्या तिपटीहून कमी नको. एवढं करून दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये ऐका. एकत्र लावल्यावर पखवाज पोकळ वाटला तर एका ट्रॅकवरचं फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटायचं बटण दाबून फरक बघा. मोनो यासाठी की वाडीतले निम्मे लोक फोनच्या एका स्पीकरवर ऐकणार आहेत.

कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, एसएम५८ ला लागत नाही. दोन्ही इनपुटना एकच बटण असलं तरी बिघडत नाही, डायनॅमिक माइकला त्याने इजा होत नाही. माइक जोडल्यावरच बटण दाबा आणि त्या वेळी हेडफोनचा आवाज खाली ठेवा.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, लावताना सगळे जण एक चूक करतात: अभंगाच्या पहिल्या ओळीवर गेन ठरवतात. पहिल्या ओळीत पखवाज निजलेला असतो. मंडळाला आधी गजर करायला सांगा, पूर्ण चढवून, आणि तेव्हा काकांचा सगळ्यांत जोराचा 'धा' उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. पहिली ओळ मग बारीक दिसेल, दिसू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय तर नंतर वाढवून घेता येते. लाल दिव्यापर्यंत गेलेला 'धा' मात्र परत मिळत नाही. जागेची काळजी नको, ४८,००० आणि २४ बिटला दोन ट्रॅक मिळून तासाला साधारण एक जीबी होतो.

चार्जर काढून बॅटरीवर घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर येते ती ५० आणि १०० हर्ट्झला, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच या पट्टीच्या जवळ. सासरे काळी चारला गात असतील तर ती षड्जाच्या अगदी शेजारी बसून सतत टोचत राहते. फक्त बॅटरीवर विंडोज स्वतःहून वेग कमी करतं, म्हणून पॉवर मोड पुन्हा बघून घ्या. पंखे बंद. आणि शक्यतो स्लॅबच्या खोलीपेक्षा देवळाच्या कौलारू सभामंडपात बसा, पाऊस उघडलेला बघून. तिथे आवाज अंगावर परत येत नाही आणि मंडळी मोकळी गातात.

ट्रॅकवार

थोडं वेगळं मत मांडतो. मी पुण्यात घरी तबला, पेटी आणि गायन वेगवेगळं घेतो आणि चांगलं होतं. एकत्र घेतलं की सगळं एकमेकांत मिसळतं. एका ठिकाणी गाणारा कणसुरा झाला तर तेवढाच बदलता येत नाही, पेटीही सोबत येते. वयस्क माणसांचा श्वास तुटतो, तेव्हा दुरुस्तीची सोय हवीच. उशिराचा उपाय इंटरफेसवरच आहे, डायरेक्ट मॉनिटर. ते चालू केलं की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट ऐकू येतो. रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग तेवढं बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

कुडाळची_पेटी

डायरेक्ट मॉनिटरचं बरोबर आहे, आणि सुगम गाण्याला तुमची पद्धत उत्तम. तिथे लय ठरलेली असते. इथे ती गाताना ठरते. माझा आग्रह तेवढ्यासाठीच आहे.

दुरुस्तीचं म्हणाल तर अख्खा अभंग दोन-तीनदा घ्या, मध्ये चहा होऊ द्या. एखादं कडवं फसलं तर दुसऱ्या वेळचं घेता येतं, जोड ध्रुवपदावर परत येतात तिथे समेवर द्यायचा. दोन्हींची लय त्या जागी जुळते का ते कानाने बघा, नसेल जुळत तर फसलेलंच ठेवा. श्वास तुटला तर तुटू दे. तो त्यांचा श्वास आहे, आणि पुढे कधीतरी घरातलं कोणीतरी तो ऐकायला ही फाइल उघडेल.

ताई, पुढे कधी एखादं वाद्य मागाहून जोडायचं झालंच तर ट्रॅक मागे पडतो त्याचं कारण सांगतो. रीपर ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वजा करून ट्रॅक जागेवर ठेवतो. ड्रायव्हरने चुकीचा आकडा सांगितला की ट्रॅक तेवढा सरकतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल जोडा, आधीच्या ट्रॅकवरचा एखादा टकटक आवाज वाजवून त्याच केबलमधून परत रेकॉर्ड करा आणि दोन्हींतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्समध्ये इनपुटच्या ऑफसेटला तो आकडा भरला की झालं. त्या वेळी मॉनिटरिंग बंद, स्पीकरही बंद, नाहीतर कर्णकर्कश शिट्टी बसते.

देवरुखची

सगळ्यांचे आभार. काल सभामंडपात बसलो. कंपनीचा ड्रायव्हर टाकला, बफर १०२४, कडकड एकदाही नाही. झांजा माइकच्या पाठीशी गेल्याने केवढा फरक पडला! सासऱ्यांचा प्रत्येक शब्द कळतो.

पण एक नवीन. घरी लावून दाखवलं तर सासरे पहिल्या सुरालाच म्हणाले, "ही माझी पट्टी नव्हे." पेटी काळी चारला होती, लॅपटॉपवर काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्येच कुठेतरी वाजते, आणि लयही रेंगाळलेली वाटते. मुलाने त्याच अभंगाचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. व्हिडिओत अभंग ८ मिनिटं १० सेकंदांचा आहे, रीपरमध्ये ८ मिनिटं ५३ सेकंद. रेकॉर्डिंग वाया गेलं का?

कुडाळची_पेटी

वाया काही गेलेलं नाही, एक सॅम्पलही नाही. सासऱ्यांचा कान मात्र पक्का.

इंटरफेस ४८,००० वर चालत होता आणि फाइलवर शिक्का ४४,१०० चा बसला. या दोन आकड्यांचं गुणोत्तर १.०८८४. तुमचे ४९० सेकंद गुणिले १.०८८४ म्हणजे ५३३, बरोबर ८ मिनिटं ५३. सूर जवळपास दीड सेमीटोन उतरतो, म्हणून काळी चारचं गाणं त्या अधल्यामधल्या जागी गेलं. ब्राउझर किंवा दुसरं काही उघडं राहून त्याने इंटरफेस ४८,००० वर धरून ठेवला असेल तर असं होऊ शकतं.

दोन्ही ट्रॅकवरचे आयटम एकत्र निवडा, आयटम प्रॉपर्टीज उघडा, प्लेबॅक रेट १.०८८४ करा आणि पिच जपण्याची खूण काढून टाका. ती राहिली तर लय सुधारेल, पट्टी तशीच खाली राहील. मग व्हिडिओशेजारी लावून बघा.

पुढच्या बैठकीआधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इंटरफेस ४८,००० वर, रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्येही ४८,०००, आणि रीपर सोडून सगळं बंद. पहिली ओळ घेतली की तिथेच थांबून परत वाजवा आणि सासऱ्यांना पेटीचा षड्ज धरायला सांगा.

मूळ वेव्ह फाइल्सना हात लावू नका, प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. मंडळींना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी फाइल आहे तशीच पोचते. आणि रीपरची चाचणी ६० दिवसांची असते, घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. मुदत संपायच्या आत पुढचे अभंग आटपा, नाहीतर ते घेऊन टाका. तुमच्या कामाला ते वर्षानुवर्षं पुरेल.