मदत हवी आहे: दुसऱ्या चेंडूवरून पहिल्याची संभाव्यता
पिशवीत ५ लाल, ३ निळे चेंडू आहेत. परत न टाकता एकामागून एक दोन काढले. पहिला लाल असेल तर दुसरा लाल येण्याची संभाव्यता ४/७, कारण उरलेल्या ७ मध्ये ४ लाल. इथवर ठीक.

अडलंय ते उलट प्रश्नाशी. दुसरा लाल निघालाय एवढंच माहीत आहे, तर पहिला लाल असण्याची संभाव्यता किती? दुसरा लाल: २०/५६ (लाल, मग लाल: ५/८ × ४/७) + १५/५६ (निळा, मग लाल: ३/८ × ५/७) = ३५/५६. दोन्ही लाल: २०/५६. भागाकार केला, उत्तर पुन्हा ४/७! आकडेमोड दोनदा तपासली, पण मनाला पटत नाही. पहिला तर आधीच निघालाय, मग नंतरच्या चेंडूमुळे त्याची संभाव्यता ५/८ वरून कमी कशी होते? सूत्र पाठ आहे, यामागचा विचार कुणी समजावून सांगाल का?