मदत हवी आहे: स्वसंरक्षणासाठी कुस्ती, ज्युदो की बीजेजे?

वय ३५, वजन ६२ किलो, आधी कुठलाही खेळ नाही. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास देता येईल. स्पर्धा खेळायची नाही. कोणी गचांडी धरली, भिंतीला दाबलं किंवा खाली पाडलं, तर सुटून निघता यावं एवढंच. जवळ तालीम आहे, ज्युदोचा वर्ग आहे, ब्राझिलियन जुजुत्सूचाही (बीजेजे, मुख्यतः जमिनीवरची झुंज) आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
ज्युदो. फेकायला शिकवतात म्हणून नाही, पडायला शिकवतात म्हणून. डांबरी रस्त्यावर डोकं आपटणं हा सगळ्यात मोठा धोका. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर. नवशिका हात मागे टेकवायला जातो आणि मनगट मोडून घेतो.
उणीव पकडीची. ज्युदोचा जाड अंगरखा पकड टिकवतो, टी-शर्ट फाटतो. सेओई-नागे (खांद्यावरून फेकण्याचा डाव) घालताना बाही सुटली की तुमची पाठ त्याच्या हातात. ओ-गोशी (कमरेवरून फेकण्याचा डाव) कमरेत हात घालून बसतो, म्हणून आधी तो पक्का करा. शिवाय २०१० पासून स्पर्धेत पायांना हात घालण्यावर बंधनं आली आणि २०१३ मध्ये पूर्ण बंदी. त्यामुळे पुष्कळ वर्गांत पट काढणं (पाय धरून पाडणं) नाही आणि अडवणंही नाही. प्रवेश घेण्याआधी विचाराच.

प्रतिसाद २
पटासाठीच तालमीत जा. पहिलवानाच्या अंगावर लंगोट, म्हणजे मुख्य पकड मान, मनगट, दंड, कंबर आणि पाय यांवर. समोरच्याने काय घातलंय याने फरक पडत नाही. खडाखडीत (उभ्याने एकमेकांना अजमावताना) तोल राखायची सवय लागते ती वेगळीच.
पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मातीत गुडघा टेकून पट काढतात, डांबरावर तसं केलंत तर वाटी जाईल. पाय वाकवा, गुडघा टेकवू नका. दुसरं, चितपट टाळायला पहिलवान पोटावर वळतो. रस्त्यावर तसं वळलात तर गळा मागून मोकळा मिळतो.

प्रतिसाद ३
खाली पडल्यावर बीजेजे लागतं. कोणी छातीवर बसला तर त्याचा एक हात मनगट आणि कोपराशी धरून छातीला आवळा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पावलाने अडकवा, मग कंबर उचलून त्याच खांद्यावरून वळा. सरळ वर उचलणं ही नेहमीची चूक, आणि पाय मोकळा राहिला तर तो तेवढ्यावरच तोल सावरतो. वर आलात की तिथे बसू नका, उठा. बीजेजेच्या स्पर्धेत मुद्दाम खाली बसणं चालतं. रस्त्यावर त्याचा जोडीदार लाथ घालतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. आणि चाकू असेल तर?

प्रतिसाद १
पळा, पाकीट द्या. कोंडलात तरच चाकूच्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी धरा आणि ते सोडून दुसरं काही करू नका. गळा आवळणंही जपून: फास नीट बसला तर ८-१० सेकंदांत शुद्ध जाते. सुटका झाली की सोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावापुरती गरज असेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.
तुमच्या बाबतीत: सहा महिने ज्युदो, मग तीनपैकी एक दिवस बीजेजेला. वर्ग निवडताना एकच पाहा, दर तासाला समोरचा खरोखर विरोध करतोय अशी झुंज होते का. नसेल तर तो वर्ग सोडा, नाव काहीही असो.