कागदी साप फिरत नसेल तर

कागदाची वेटोळी पट्टी कापून केलेला साप पेटत्या पणतीवर दोऱ्याने टांगला की गरम हवेने फिरायला हवा, पण कधी कधी तो नुसता लोंबकळतो, फिरत नाही. बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. कार्डशीट जड पडते आणि तिचे वेटोळे नीट सुटत नाही. वहीचा साधा कागद घ्या. १५ सेंमी व्यासाचे वर्तुळ काढून कडेपासून आत दीड सेंमी रुंदीची पट्टी गोल गोल कापत न्या, मध्ये रुपयाएवढे डोके ठेवा. दोरा अगदी डोक्याच्या मध्यातून ओवा. जरा बाजूला गेला की साप कलतो.

दुसरी गोम दोऱ्याची. शिवणाच्या दोऱ्याला मुळातच पीळ असतो, वजन पडले की तो सुटतो आणि साप पणतीशिवायच फिरू लागतो. मुलांना वाटते प्रयोग जमला! म्हणून टांगल्यावर तो पूर्ण स्थिर होऊ द्या, पंखा बंद करा, मगच पणती लावा. शेपटीचे टोक ज्योतीपासून किमान २० सेंमी वर हवे आणि शेजारी मोठे माणूस हवेच. एलईडी बल्बवर हे जमत नाही, त्याची उष्णता कमी पडते.

तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते, भोवतालची थंड, जड हवा तिला वर ढकलते, आणि ती तिरक्या पट्टीवर आपटून साप फिरवते. हे पटवायला साप उलटा करून, म्हणजे कागदाची खालची बाजू वर घेऊन टांगा. आता तो विरुद्ध दिशेने फिरेल.