ट्रम्पच्या सीरिया धोरणाला 'व्यवहारी' म्हणणाऱ्यांसाठी

पारिजात
परवा इथे एकाने लिहिलं की ट्रम्पचं सीरिया धोरण व्यवहारी होतं, ओबामा 'रासायनिक अस्त्रं वापरलीत तर खबरदार' अशी नुसती लाल रेघ ओढून बसला, ट्रम्पने मात्र परिस्थिती बघून भूमिका बदलली आणि आपल्या लोकांनी हे शिकायला हवं. त्याला भराभर अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसले, पण राहवेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

परिस्थिती बघून? २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घूतावर सरीन हा विषारी वायू पडला तेव्हा हाच माणूस ओबामाला जाहीर सांगत होता की सीरियावर हल्ला करू नकोस, काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, परवानगी घे. २०१७ च्या मार्चअखेरीस त्याच्या सरकारने सांगितलं की सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असदला हटवणं हे आता आमचं प्राधान्य नाही, आणि ४ एप्रिलला खान शेखूनला पुन्हा सरीन, की लगेच ५९ टोमाहॉक क्षेपणास्त्रं, तेही काँग्रेसला न विचारता. २०१८ मार्चमध्ये 'लवकरच बाहेर पडतोय', एप्रिलमध्ये दूमातल्या रासायनिक हल्ल्यानंतर परत क्षेपणास्त्रं, डिसेंबरमध्ये 'सगळे सैनिक परत', त्यावरून दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री मॅटिसचा राजीनामा, मग सगळे सैनिक काही गेलेच नाहीत. ऑक्टोबर २०१९ ला तुर्कीच्या अध्यक्षाचा, एर्दोआनचा, एक फोन आणि सीमेवरून माघार, आणि दोन आठवड्यांत 'तेल राखायला काही जण राहतील'.

या सगळ्यातली एकच गोष्ट मला सहन होत नाही. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने आयसिसविरुद्ध आपल्या बाजूने लढलेल्या उत्तर सीरियातल्या कुर्दांना सांगितलं की तुर्कीची भीती घालवायची तर सीमेवरची तटबंदी काढा, आम्ही आहोत. त्यांनी तल अब्याद आणि रास अल-ऐनजवळचे मोर्चे स्वतःच्या हाताने पाडले, खंदक बुजवले, जड हत्यारं मागे नेली. ९ ऑक्टोबरला तुर्कीचं सैन्य नेमकं तिथूनच आत आलं. दोन लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून पळाली. हे धोरण आहे का? आणि वर ट्रम्प महाशय म्हणाले की दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत कुर्दांनी आम्हाला कुठे मदत केली होती!

खारघरकर
तो प्रतिसाद माझाच होता, आणि मी एक अक्षर मागे घेत नाही.

ताई, तुम्ही तारखा बरोबर दिल्यात पण अर्थ तुम्हाला हवा तो लावलाय. राष्ट्राध्यक्ष आपल्या मतदारांना बांधील असतो, सीरियातल्या कोबानीच्या कुर्दांना नाही. 'पोरांना घरी आणतो' हे त्याने २०१६ ला सांगितलं होतं, त्यावर निवडून आला. तुर्की नाटोतला देश, अमेरिकेखालोखाल मोठं सैन्य, आणि वायपीजी, म्हणजे हे कुर्द लढवय्ये, ही पीकेकेची, तुर्कीविरुद्ध शस्त्र उचललेल्या कुर्द संघटनेची, सीरियातली शाखा हे अंकाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशा गटाला शस्त्रं देऊन तुर्कीशी वाकडं घ्यायचं हे ओबामाने २०१४ मध्ये सुरू केलं. ट्रम्पच्या गळ्यात ते लोढणं आलं.

आणि लाल रेघ. हल्ल्याऐवजी करार करून असदच्या रासायनिक अस्त्रांची १,३०० टन रसायनं बाहेर काढली म्हणून ओबामाचे भक्त नाचतात. मग खान शेखूनचं सरीन आलं कुठून? असदने लपवून ठेवलं होतं म्हणूनच ना? ५९ क्षेपणास्त्रं तरी कुणीतरी सोडली.

शब्द दिला शब्द दिला म्हणताय, कुर्दांना स्वायत्ततेचा किंवा संरक्षणाचा एक तरी लेखी करार दाखवा.

पारिजात
ती क्षेपणास्त्रं ज्यावर पडली त्या शायरात हवाई तळावरून दुसऱ्याच दिवशी विमानं उडायला लागली होती, तेवढा त्या ५९ चा पराक्रम.

लेखी करार हवाय तुम्हाला? आयसिसशी लढताना कुर्द आणि अरब मिळून ११,००० च्या आसपास माणसं मेली, जमिनीवर ते आणि आकाशात अमेरिका, अशी पाच वर्षं. आयसिसची राजधानी रक्का, तीही त्यांनीच घेतली. शेजारी घरात घुसलेला साप मारायला येतो तेव्हा आपण स्टॅम्पपेपर मागतो का?

लेखणीवाला
मूळ विषयाला फाटा फुटतोय याची कल्पना आहे, पण बोलतोच. आपल्या मराठी पेपरांत यातलं काहीही येत नाही. २०१९ च्या त्या आठवड्यात माझ्याकडच्या पेपरात सीरियाची बातमी आतल्या पानावर, एजन्सीची इंग्रजी कॉपी घाईघाईने उलथवलेली, 'कुर्द बंडखोर' म्हणे! कुणाविरुद्ध बंड? असदविरुद्ध, तुर्कीविरुद्ध, की अमेरिकेविरुद्ध? मी बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं, एक शब्द चुकला की वाचकाच्या डोक्यात बाजूच बदलते. चॅनेलवाल्यांचं तर बोलूच नका, व्हिडिओ गेमसारखी विमानं नाचवतात.

खारघरकर
लेखणीवाले, त्यासाठी वेगळा धागा काढा की राव.

शारजावाली
मी सहसा राजकारणाच्या धाग्यावर लिहीत नाही. पण पारिजात, तू २०१९ ला थांबलीस, त्याच्या पुढचं कुणी सांगायचं?

आमच्या क्लिनिकमध्ये एक सीरियन बाई आहे, होम्सची. तिची आई तिकडे एकटी. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इथली कुठलीच बँक सीरियाला पैसे पाठवायला तयार नसायची, नाव ऐकलं तरी काउंटरवरचा माणूस मान हलवायचा. मग ती दर महिन्याला ओळखीच्या कुणाकडे तरी रोकड द्यायची, ती बैरूतला, तिथून टॅक्सीवाल्याच्या हाती होम्सला, वाटेत प्रत्येक जण आपला हिस्सा काढणार. कधी निम्मेच पोचायचे, कधी काहीच नाही. एकदा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मुंबईहून आणून दिल्या, त्या पोचायला अडीच महिने लागले.

१३ मे २०२५, ट्रम्प रियाधला म्हणाला की निर्बंध उठवतोय. ही बाई रिसेप्शनवर मोबाईल धरून उभी होती, पेशंट समोर बसलेला, आणि ही रडतेय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी बकलावाचा मोठा ट्रे घेऊन आली. ज्याला भेटून ट्रम्पने हात मिळवला त्या अल-शराच्या, असदला हटवून सत्तेवर आलेल्या माणसाच्या, डोक्यावर पाचच महिन्यांपूर्वीपर्यंत अमेरिकेचं १ कोटी डॉलरचं बक्षीस होतं, हे मलाही माहीत आहे. पण तत्त्वाला धरून निर्बंध तसेच ठेवले असते तर कुणाचं भलं झालं असतं? भूमिका बदलणं प्रत्येक वेळी दगाच असतो असं नाही.

खारघरकर
हेच तर मी दोन दिवस सांगतोय! धन्यवाद.

पारिजात
शारजावाली, तुझ्या मैत्रिणीसाठी मला खरंच बरं वाटलं, मे २०२५ चा निर्णय बरोबर होता, लिहून देते. पण त्या निर्बंधांतला सगळ्यात कडक कायदा, सीझर ॲक्ट, त्याच्यावर डिसेंबर २०१९ मध्ये सही कुणाची? ट्रम्पचीच. तिची ती टॅक्सीवाल्यांची वर्षं विसरून नुसता बकलावा मोजायचा का?

आणि अल-शराशी हात मिळवला त्याच्या दोन महिने आधी किनारपट्टीवर असदच्याच पंथाच्या अलावींची कत्तल झाली होती, दोन महिन्यांनी सुवेदात द्रुझ अल्पसंख्याकांची. ज्यांच्या भरवशावर हे सगळं सोडून दिलंय ते कसे आहेत हेही बघा.

सातारी
इतका वेळ नुसता वाचत होतो. तुम्ही सगळे अमेरिकेला धोपटताय, आपलं काय? श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना विसरलात? ८३ नंतर लिट्टेच्या, तिथल्या तमिळ बंडखोरांच्या, पोरांना प्रशिक्षण आपण दिलं. जून ८७ मध्ये जाफन्यावर आपल्या विमानांनी अन्नाची पाकिटं टाकली. जुलैत राजीव गांधींनी श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्याबरोबर करार केला, आणि ऑक्टोबरात आपणच लिट्टेवर चालून गेलो. जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाईट इन्फंट्रीचे तीस जवान हेलिकॉप्टरने उतरले, एकोणतीस मेले, एक पकडला गेला. एकूण बाराशेच्या आसपास जवान गेले. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात कुठल्या बाजूने शिरलो तेच आपल्याला तीन वर्षांत कळेना.

माझे वडील त्यात होते, त्रिंकोमालीला. मार्च ९० मध्ये शेवटच्या जहाजांपैकी एकातून मद्रासला उतरले तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. वडील आजही म्हणतात, मार लागल्याचं दुःख नाही, पण आम्ही कुणासाठी गेलो होतो ते तरी सांगायचं होतं.

खारघरकर
सातारी, वडिलांना नमस्कार सांगा. पण तुम्ही माझाच मुद्दा भक्कम केलात. शांतिसेना परत आणली हे व्ही. पी. सिंगांनी शहाणपणाचंच केलं ना? अजून पाच वर्षं राहिली असती तर अजून बाराशे. मग ट्रम्पने सैनिक परत बोलावले तर तो दगाबाज कसा?

पारिजात
दोन्हींत फरक आहे. श्रीलंकेचे पुढचे अध्यक्ष प्रेमदास यांनीच आपल्याला चालते व्हा म्हणून सांगितलं होतं, वर लिट्टेला आपल्याविरुद्ध हत्यारं पुरवली. कुर्दांनी अमेरिकेला जा म्हटलं नव्हतं. आणि कृपा करून शहीदांचा हिशेब ट्रम्पच्या वकिलीसाठी वापरू नका, किळस येते.

खारघरकर
किळस? विषय सातारींनी काढला, मी नाही. तुम्हाला उत्तर नसलं की तुम्ही भावनेवर जाता, हे मी आधीच्या धाग्यातही बघितलंय. एसीत बसून दुसऱ्या देशाच्या पोरांनी अनंत काळ वाळवंटात पहारा द्यावा असं लिहायला काय जातं?

लेखणीवाला
दोघेही जरा दमाने घ्या. आणि शांतिसेनेवर मराठीत धड लिखाण नाही हेही नोंदवतो.

सातारी
खारघरकर, मला अर्ध्यातच तोडलंत. परत आणलं ते बरोबरच, तेव्हा माझी आई देवीला खण-नारळ घेऊन गेली होती. पण परत येताना मागे काय ठेवलं ते ऐका.

ईपीआरएलएफ म्हणून तमिळांचा दुसरा गट होता, तो आपल्या बाजूने उभा राहिला. त्यांचा वरदराज पेरुमल आपल्या पाठबळावर तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचा मुख्यमंत्री झाला. आपण निघणार हे ठरल्यावर त्यांच्यासाठी 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी केली, त्यात सक्तीने धरून आणलेली शाळकरी पोरं होती. आपली पाठ फिरायला लागल्यावर लिट्टेने ती पोरं कापून काढली. पेरुमल भारतात पळून आला, आणि पद्मनाभा, त्यांचा प्रमुख, त्याला तर जून ९० मध्ये मद्रासमध्ये घुसून मारलं, आपल्या जमिनीवर.

वडिलांच्या तुकडीत दुभाषी म्हणून एक पोरगा होता, अठरा-एकोणीसचा. हिंदी मोडकी, पण वडिलांकडून 'जेवलास का' एवढं मराठी शिकला होता, रोज संध्याकाळी तेच विचारायचा. जहाजावर चढताना वडिलांनी त्याला आपलं घड्याळ दिलं आणि म्हणाले, परत येऊ. वरून आदेश तसा होता म्हणून नाही, काहीतरी बोलायला हवं म्हणून. पुढे त्याचं काय झालं कधीच कळलं नाही.

२०१९ ला सीरियातल्या कामिश्ली शहरात कुर्द लोक निघून चाललेल्या अमेरिकन गाड्यांवर बटाटे फेकतानाचा व्हिडिओ आला होता, आठवतोय? मी घरी मोबाईलवर बघत होतो. वडिलांनी मागून बघितला, म्हणाले परत लाव. तीनदा लावला. गाडीच्या काचेमागे बसलेल्या सैनिकाकडे बोट दाखवून म्हणाले, याला आता आयुष्यभर झोप नाही.

म्हणून सांगतो, निघणं चूक नाही. पण ज्यांना मोर्चे पाडायला लावले त्यांना किमान एक हंगाम आधी सांगून, त्यांची बायका-पोरं हलवून, मधे कुणाला तरी उभं करून निघता येतं. एका फोनवर नाही. आपणही ते केलं नाही.

शारजावाली
सातारी, हे वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही.

खारघरकर
ठीक. एर्दोआनच्या फोननंतर तीन दिवसांत मोकळं रान देणं चूक होतं, निदान आधी पाडलेली तटबंदी परत बांधायला वेळ द्यायला हवा होता, एवढं मान्य करतो. मॅटिसने २०१८ ला राजीनामा दिला तोही अशाच माघारीवरून, असं मीही तेव्हा बोललो होतो. पण ओबामाला मोठं आणि ट्रम्पला छोटं ठरवणारं गणित मला पटलेलं नाही, आणि लेखी करार नव्हता या मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे. ताई, एसीचं बोललो ते मागे घेतो.

पारिजात
मागे घेतलंत ते ठीक, मीही 'वकिली' मागे घेते. ओबामाला मोठं मी कुठेच म्हटलेलं नाही, वर चढून वाचा. घूतानंतर त्याने जे केलं त्यावर मला बरंच बोलायचंय, पण आज नाही. सातारी, वडिलांना विचारा त्या पोराचं नाव आठवतं का, इथे लिहू नका, पण विचारा.

सातारी
विचारायची गरज नाही. दर सर्वपित्रीला ते एक पान जास्त वाढायला लावतात.